बिनआगीची फायरप्लेस

कामोठ्यात थंडी पडत नाही. हे मला माहीत होतं. तरीही गेल्या ऑक्टोबरात मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये फायरप्लेसची चौकट स्वतःच्या हातांनी बनवली आणि स्वतःच्याच हातांनी भिंतीवर बसवली.

(फायरप्लेस नव्हती. फक्त चौकट. गैरसमज नको.)

थंड देशांत म्हणे भिंतीतच आग पेटवायची जागा असते. तिच्या दोन बाजूंना दोन खांब आणि वर एक जाडजूड फळी. फळीवर फोटो, घड्याळ, आजोबांची पदकं वगैरे. या सगळ्या प्रकाराला मँटल म्हणतात. हा शब्द मला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हता आणि दुसऱ्या आठवड्यात मी तो आमच्या सोसायटीच्या वॉचमनला समजावून सांगत होतो. शिक्षण या वेगाने झालं की काय होतं, ते पुढे येईलच.

सुरुवात झाली ती खारघरला, आमच्या ऑफिसातल्या कुलकर्ण्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. विसावा मजला. बिल्डरने इमारतीला कुठल्याशा बर्फाळ डोंगराचं नाव दिलेलं. आता असल्या नावाच्या इमारतीत राहायचं म्हणजे थंडी वाजणं भागच! म्हणून कुलकर्ण्यांनी हॉलमध्ये विजेची फायरप्लेस लावली होती. आत नारिंगी दिव्यांच्या खोट्या ज्वाळा, वर पांढरंशुभ्र मँटल. आणि त्या आगीची गरज वाटावी म्हणून एसी अठरावर ठेवलेला. आम्ही पंधरा-वीस माणसं हातात मसालेभाताच्या डिश घेऊन त्या दिव्यांसमोर शेकत उभे होतो. एकालाही हसू आलं नाही. मीसुद्धा हात पुढे केले होते, हे कबूल करतो.

घरी आलो आणि आमची भिंत पाहिली. टीव्ही, कॅलेंडर, स्विचबोर्ड. बस्स. ज्या भिंतीकडे मी सतरा वर्षं समाधानाने पाहत होतो, तिची मला एकदम लाज वाटायला लागली.

आता मी कोण ते सांगायला हवं. मी विनायक कदम. मूळचा साताऱ्याकडचा. जूनमध्ये रिटायर झालो. त्याआधी चोवीस वर्षं जासईच्या एका कंटेनर यार्डात कागद सांभाळले. जगभरातून माल यायचा आणि त्याच्या कागदांवर मी सही करायचो. किती सह्या केल्या ते देव जाणे. त्यातले किती कागद वाचले ते मात्र मी सांगू शकतो. (सांगत नाही.) निरोप समारंभात ऑफिसच्या मंडळींनी मला ड्रिल मशिन भेट दिलं. चोवीस वर्षं ज्या माणसाने पंच मशिनपलीकडे कशालाही भोक पाडलं नाही, त्याच्या हातात त्यांनी ते का दिलं असावं? मला वाटतं, त्यांचा माझ्यावर राग होता.

आणि आता सासूबाईंना आणायला हवं, कारण खरा प्रश्न त्यांचाच होता.

सासरे गेल्या वर्षी गेले. गुहागरकडच्या घरात सासूबाई एकट्या राहिल्या. माझी बायको नीलिमा त्यांची एकुलती एक. तिने आईला कामोठ्याला तीन वेळा आणलं आणि तिन्ही वेळा चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई पिशवी भरून दारात उभ्या.

"आई, काय कमी आहे गं इथे?" नीलिमा रडकुंडीला यायची.

"कमी काय नाय गो. बसायला जागा नाय."

"अहो, सोफा आहे, दिवाण आहे, चार खुर्च्या आहेत!" मी म्हणायचो.

"त्या टेकायच्या जागा, विनायकराव. बसायची जागा वेगळी."

त्यांची बसायची जागा म्हणजे पडवीतला झोपाळा. सहा फुटांची सागवानी फळी, चार पितळी साखळ्या. लग्न होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी त्या आणि सासरे त्या झोपाळ्यावर बसायचे. चहा, मग पान, मग गावाची उणीदुणी. आम्ही देशावरची माणसं. आमच्याकडे झोक्यात तान्हं मूल घालतात. चांगली कर्तीसवरती माणसं लोंबकळत बसून चहा पितात हे मला लग्नानंतर पहिल्यांदा दिसलं आणि मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

शेवटी दसऱ्याला सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "झोपाळा टांगणार असाल तर येते. मग राहीन." नीलिमाने फोन ठेवला आणि चक्क रडली. लगेच तिने सगळं ठरवून टाकलं. फळी आधी येणार, गावातल्या कोणाचं सामान घेऊन येणाऱ्या टेम्पोतून. साखळ्या सासूबाई स्वतः आणणार. ("पितळ आहे. टेम्पोवाल्याच्या भरवशावर नाय सोडणार.") सासूबाई शनिवारी दुपारी पनवेलला उतरणार, नीलिमा शाळेतून परस्पर त्यांना घेऊन येणार आणि सोमवारी सुतार येऊन स्लॅबला हुक मारणार.

गुरुवारी सकाळी नीलिमा शाळेत शिकवायला निघताना माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "अहो, बाबांची फळी आली. लिफ्टमध्ये बसत नाही म्हणून वॉचमनने खाली मीटर रूममध्ये ठेवलीय. रविवारी दोघं मिळून जिन्याने वर आणू. कळलं ना?"

मी अंगठा वर केला.

माझ्या कानात इयरफोन होते. समोर मोबाईलवर एक दाढीवाला गोरा माणूस बर्फात उभा राहून मँटल कसं बनवायचं ते सांगत होता. नीलिमाने काय सांगितलं ते मला नंतर कळलं. म्हणजे सगळ्यांना कळल्यावर.

तर दाढीवाल्याच्या म्हणण्यानुसार हे काम एका शनिवारचं होतं. खांबांसाठी मी जासई गाठलं. यार्डात माल ज्या पाइनच्या फळकुटांवर येतो, ती नंतर अशीच पडून असतात. तिथला जुना क्रेनवाला रामा पाटील माझा दोस्त. माझ्याच वयाचा, पण हाताला काम असलेला माणूस. त्याने फळकुटं काढून दिली.

"सायब, याचा काय करनार?"

"फायरप्लेस. म्हणजे घरात आग पेटवायची जागा."

"घरान आग? गॅस बंद झाला काय?"

"गॅस नाही रे, थंडीसाठी."

"थंडी? कामोठ्यान?" रामाने कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "वैनींना ठाव हाय ना?"

"सरप्राइज आहे!"

"मंग बरा हाय," असं तो म्हणाला खरा, पण त्याच्या तोंडावर तसं काही दिसलं नाही.

त्या फळकुटांवर काळे छाप होते. एकावर छत्री, एकावर फुटणारा ग्लास, एकावर 'ही बाजू वर' असा बाण. घासून जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. आमच्या मँटलच्या डाव्या खांबावर छत्री आली आणि उजव्यावर फुटणारा ग्लास. बाण मी खाली तोंड करून लावला.

आता राहिली वरची फळी. दाढीवाला म्हणाला, ती जुन्या लाकडाचीच हवी. त्याने आजोबांच्या गोठ्याची तुळई काढली होती. जुन्या लाकडाला म्हणे कॅरेक्टर असतं. भोकं असतील तर फारच छान. झीज असेल तर सोन्याहून पिवळं! मी शनिवारी सकाळी नीलिमा शाळेत गेल्यावर हे कॅरेक्टर शोधायला इमारतीखाली उतरलो. आमच्या मीटर रूममध्ये लोकांनी टाकून दिलेलं काहीबाही पडलेलं असतं: मोडक्या सायकली, कूलर, कोणाच्या तरी पहिल्या लग्नाचं कपाट. तिथे भिंतीला टेकून तरटात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं, लांबलचक काहीतरी उभं होतं. मी तरट बाजूला करून पाहिलं. सागवान! दीड इंच जाड! आणि दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं!

वॉचमन यादव धावत आला. "साब, ये तो मॅडम का..."

"हां हां, मॅडम को मालूम है," मी म्हटलं. (मॅडमना खरंच माहीत होतं. तेवढं मी खरं बोललो.) "तू पीछे से पकड."

तरटावर काळ्या रंगाने काहीतरी लिहिलेलं होतं, हे मला दिसलं होतं. पण मालावर लिहिलेलं वाचायचं नाही, ही माझी चोवीस वर्षांची सवय. ती रिटायर झाल्यावर चार महिन्यांत कशी सुटणार? मी मनातल्या मनात सही केली आणि माल वर घेतला. तरट हॉलमध्ये लादीवर पसरलं, म्हणजे भुसा खाली पडून नीलिमाची कटकट नको. मग त्यावर उभा राहून कामाला लागलो.

फळी सहा फुटी. मला हवी साडेचार फुटी. कापायची कुठल्या बाजूने? मी बारकाईने निरीक्षण केलं. (दाढीवाल्याने सांगितलं होतं, लाकडाचं ऐका. लाकडाचं ऐकत होतो, बायकोचं नाही.) फळीची एक बाजू सपाट होती. दुसरी बाजू वापरून वापरून थोडी खोलगट, गुळगुळीत आणि काळपट झालेली. त्या बाजूला फोटोफ्रेम ठेवली तर डुगडुगणार. म्हणून ती बाजू कापायची ठरवली.

जुनं सागवान कापणं म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या अर्ध्या तासात करवत एक बोट आत गेली. दुसऱ्या अर्ध्या तासात ती बाहेर येईना. पंखा बंद ठेवावा लागला, कारण भुसा उडत होता. बनियन पिळून काढलं. दाढीवाल्याला हेच काम करताना थंडी वाजत होती आणि तो मध्येच कोको पीत होता. तीन तासांनी शेवटचा तुकडा खाली पडला आणि मला इतका आनंद झाला की मी त्या उरलेल्या दीड फुटाचंही सोनं करायचं ठरवलं. खाली दोन पट्ट्या ठोकल्या आणि पाट तयार! सासूबाईंना बसायला जागा नसते ना? घ्या, हक्काचा पाट! माझ्या कल्पकतेचं मला फार कौतुक वाटलं.

दुपारी तीन वाजता ड्रिल सुरू केलं. आमच्या हॉलची ती भिंत म्हणजे पलीकडच्या सावंतांच्या बेडरूमची भिंत. सावंत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. भिंत इतकी पातळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो आणि त्यांचा गॅस बंद करायची वेळ झाली की आम्हालाच चैन पडत नाही. मी मात्र लांबातला लांब बिट लावला. काम कसं पक्कं हवं! सिमेंट भुरभुर पडलं, मग वीट लागली, मग अचानक काहीच लागेना.

"कदम!" भिंतीतून हाक आली.

"काय हो?" मी भिंतीलाच विचारलं.

"तुमचं काहीतरी आमच्या बेडरूममध्ये आलंय! फिरतंय!"

दोन मिनिटांत सावंत लुंगी-बनियनवर आमच्या दारात. हातात कॅलेंडर. त्याच्या बरोबर आजच्या तारखेवर भोक.

"दुपारी दोन ते चार ड्रिल चालवायचं नाही, हा सोसायटीचा नियम कोणी केला?"

"तुम्ही."

"कशासाठी केला?"

"तुमच्या झोपेसाठी."

"मग?" असं ओरडत असतानाच त्यांची नजर माझ्या मागे गेली आणि आवाज एकदम खाली आला. "हे काय, मखर? अहो, गणपती कधीच गेले."

"मखर नाही. मँटल."

"म्हणजे देव्हारा?"

"देव्हारा नाही हो! फायरप्लेस असते ना, तिची चौकट."

"मग फायरप्लेस कुठाय?"

"ती नाहीये."

सावंतांनी कॅलेंडर काखेत मारलं. "म्हणजे मखरच. गणपती नसलेलं." मग ते जवळ गेले, फुटणाऱ्या ग्लासाचा छाप पाहिला, वरच्या फळीवर हात फिरवला. ते मूळचे मालवणकडचे. "फळी मात्र झकास मिळवलीत. जुनी आहे. ही भोकं कसली?"

"कॅरेक्टर," मी म्हणालो.

जाताना सावंतांनी सवयीने चपला घालायच्या आधी मँटलला हात जोडले. मी पाहिलं. त्यांनीही मी पाहिल्याचं पाहिलं. त्यावर आम्ही दोघंही आजपर्यंत बोललेलो नाही.

साडेचारपर्यंत मँटल उभं राहिलं. किंचित डावीकडे झुकलेलं, पण उभं. खालच्या रिकाम्या जागेत दिवाळीच्या लाईटची माळ गुंडाळून ठेवली, तिच्यावर नारिंगी जिलेटिन पेपर चुरगळून टाकला आणि बटण दाबलं. झाली आग! फळीवर आमच्या लग्नाचा फोटो ठेवला. बाहेर पस्तीस डिग्री, आत जास्तच, आणि मी ओल्या बनियनवर आगीसमोर उभा. कुलकर्ण्यांना फोटो पाठवला. त्यांनी उलट विचारलं, "यंदा गणपती उशिरा बसवलात का?"

पाच वाजता दार उघडलं. नीलिमा आत आली. तिच्यामागे सासूबाई. त्यांच्या हातातल्या पिशवीतून खणखण आवाज येत होता.

"सरप्राइज!" मी म्हणालो.

नीलिमा बघतच राहिली. "हे काय आहे?"

"आधी आईंची भेटवस्तू!" मी सासूबाईंच्या हातात पाट ठेवला. "आई, तुम्ही म्हणायचात ना, बसायला जागा नाही? हा घ्या. स्वतः बनवलाय."

सासूबाईंनी पाट घेतला, काखेत धरला आणि म्हणाल्या, "बरं केलंत हो. पण पाट कशाला? झोपाळा येतोय ना." मग त्यांनी पिशवी उघडून पितळी साखळ्या सोफ्यावर काढून ठेवल्या. चिंच लावून घासलेल्या, लखलखीत. एक-एक कडी पुसलेली. "नीले, फळी खय आहे?"

"खाली मीटर रूममध्ये. थांब, यादवला विचारते." नीलिमाने इंटरकॉम उचलला. "यादव, वो बडी लकडी है ना, तरट में बांधी हुई?"

तिकडून यादव काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण नीलिमाचा चेहरा मला दिसत होता. तिने इंटरकॉम हळूच जागेवर ठेवला.

"तो म्हणतो, साब ले गये."

मागे दिवाळीची माळ चमकत होती. मी म्हणणार होतो की मी नेलेली फळी वेगळी, ती टाकून दिलेली होती. तेवढ्यात सासूबाई माझ्या पायाकडे बघत म्हणाल्या, "विनायकराव, जरा पाय उचला."

मी उजवा पाय उचलला. त्यांनी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि तरटावरचा भुसा बाजूला सारला. काळ्या रंगात, त्यांच्याच मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सौ. नीलिमा कदम, कामोठे. झोपाळ्याची'

"आता डावा."

मी डावा उचलला. 'फळी. सांभाळून.'

सकाळपासून मी त्या शब्दांवर उभा होतो!

"गुरुवारी सांगितलं होतं मी," नीलिमा म्हणाली. "तुमच्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. तुम्ही अंगठा दाखवलात! एक गोष्ट मागितली होती आईने. एक! आणि तुम्ही काय केलंत? शेकोटी?" तिने मँटलकडे बोट केलं. "छत्री आहे त्याच्यावर! ग्लास आहे!"

सासूबाईंनी काखेतला पाट काढून उलटासुलटा केला. पट्ट्या पाहिल्या, भोकं पाहिली. मग त्या खोलगट, काळपट, गुळगुळीत भागावरून तळवा फिरवला.

"ही ह्यांची बाजू," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वर मँटलकडे पाहिलं. "ती माझी."

मी बरोबर दोघांच्या मधून कापलं होतं. आयुष्यात मला एवढं वाईट क्वचित वाटलं असेल. भुशाने भरलेले हात तसेच जोडून मी "आई, चुकलो" म्हणालो.

"उद्याच्या गाडीचं बघते तुझ्यासाठी," नीलिमा डोळे पुसत आईला म्हणाली. "इथे राहण्यासारखं काय उरलंय?"

"गप बस गो," सासूबाई म्हणाल्या. त्या पाटाची कापलेली कड डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. "विनायकराव, करवत कोणी शिकवली?"

"व्हिडिओ बघून."

"तरीच. हे बघा, हितून सरळ सुरू केलंत. हितं दमलात. हितं वैतागलात. आणि हितं मध्येच कोणीतरी आलं."

"दूधवाला आला होता."

"दिसतंय," त्या म्हणाल्या. मग पाट खाली ठेवला, त्याच्यावर बसल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "तो विस्तव आधी बंद करा. उकडतंय."

सोमवारी सुतार आला. त्याने आमच्या हॉलमध्ये जे पाहिलं त्यावर व्यवसायाची शिस्त म्हणून काही बोलला नाही, फक्त एकदा बाहेर जाऊन हसून आला. साडेचार फुटांची फळी त्याने मँटलवरून उतरवली, कापलेल्या टोकाला नवी भोकं पाडली, स्लॅबला हुक मारले, साखळ्या लावल्या. मला ड्रिल मशिनला हात लावू दिला नाही. (मशिन आता सावंतांच्या कपाटात असतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसा ठराव झाला. एकमताने. मीही हात वर केला.)

झोपाळा झाला, पण एका माणसाचा. सासूबाई ऐसपैस बसल्या आणि बसूनच राहिल्या. झोपाळा हलेना.

"काय झालं आई?" नीलिमाने विचारलं.

"माझे पाय कधी टेकलेत जमिनीला? ठेका ह्यांचा पाय द्यायचा."

नीलिमा डोळ्यांना पदर लावणार, इतक्यात सासूबाईंनी पाटाकडे बोट दाखवलं. "ह्यांच्या बाजूवर आता विनायकराव बसतील. नीले, एक दोरी आण."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी, अठ्ठावन्न वर्षांचा सेवानिवृत्त माणूस, हॉलमध्ये खाली पाटावर मांडी घालून बसतो आणि झोपाळ्याला बांधलेली दोरी ओढतो. सासूबाई म्हणतात हा मान आहे. नीलिमा म्हणते ही शिक्षा आहे. दोघींचं एकमत होत नाही आणि मला कोणी विचारत नाही.

मंगळवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, सकाळी सासूबाई पिशवी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. नीलिमा स्वयंपाकघराच्या दारात हातात उलथनं घेऊन तशीच थबकली. सासूबाईंनी रिकामी पिशवी झटकली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "ही माळ्यावर टाका. हितं काही लागत नाय तिचं." तव्यावरची पोळी करपली, पण त्या दिवशी ती मी आवडीने खाल्ली.

मँटलचे दोन खांब अजून भिंतीवर आहेत. काढले तर सावंतांकडची भिंतही सोबत येईल, असं सुताराचं मत पडलं. आता त्यांचा उपयोग होतो. छत्रीच्या छापाखाली नीलिमा छत्री अडकवते.

परवा सावंत आले होते. झोपाळा हलत होता, सासूबाई चहा पीत होत्या, मी दोरी ओढत होतो. सावंतांनी सगळं बघून घेतलं आणि विचारलं, "काकू, हा झोपाळा जावईबापूंनीच केला ना?"

"फळी त्यांनी बिघडवली," सासूबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या, "पण ओढायला बरे आहेत."

मी सावंतांकडे बघून हसत होतो, त्या नादात दोरी सुटली.

"विनायकराव, हात थांबला तुमचा."

मी लगेच ओढली. हल्ली मला पहिल्या हाकेला ऐकू येतं.